डोंबिवली ते साकीनाका : माझे पहिले तीन महिने

मी धाराशिवची. गर्दी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर तुळजापूरची नवरात्रातली दर्शनाची रांग येते. त्या रांगेत मी तासन्‌तास उभी राहिलेली, त्यामुळे लोकलच्या गर्दीचं आपल्याला काही वाटणार नाही असा माझा समज होता. दर्शनाच्या रांगेत सगळे निदान एकाच दिशेने चाललेले असतात, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

जून २०२५ मध्ये मुंबईतल्या साकीनाक्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. ७ जुलैला, सोमवारी हजर व्हायचं. राहायची सोय डोंबिवलीत आत्याकडे. पत्र आलं त्याच आठवड्यात, ९ जूनला, मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि त्यात काही जणांचा जीव गेला. ती बातमी आमच्या घरात दिवसभर टीव्हीवर चालू होती. आईने पेढे वाटायचे ठरवले होते, ते राहिलेच. शेवटी तिने दोन अटी घातल्या : दारात उभं राहायचं नाही आणि रोज संध्याकाळी फोन करायचा. पहिली अट पाळणं किती अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. दारापासून आत जायला मिळेल की नाही, हे तिथे आपण ठरवत नसतो.

शुक्रवारी रात्री लातूर एक्स्प्रेसने निघाले आणि ५ जुलैला सकाळी कल्याणला उतरले. माझं तिकीट कल्याणपर्यंतचं होतं, डोंबिवलीसाठी लोकलचं वेगळं काढायचं. तिकीट खिडकीपुढची रांग बघून पोटात गोळा आला. बाजूला तिकिटाची मशीन होती, तिच्याशेजारी एक काका उभे होते. स्टेशनचं नाव सांगा, पैसे द्या, तेच स्क्रीनवर बोटं चालवून तिकीट काढून देतात. दोन मिनिटांत काम झालं. पाच रुपयांचं तिकीट आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन मी प्लॅटफॉर्मवर आले, आणि सकाळच्या वेळी बॅगा घेऊन लोकलमध्ये चढायचं नसतं हे तिथल्या लोकांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. पाऊण तास थांबले. मग आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, बाहेर ये आणि सरळ रिक्षा कर." मुंबईतला माझा पहिला लोकल प्रवास असा झालाच नाही. ते तिकीट अजून पाकिटात आहे.

रविवारी आत्याने मला स्टेशन दाखवायला नेलं. हे मी प्रत्येकाला सांगेन : सोमवारी कामावर जायचं असेल तर रविवारी एकदा रिकाम्या हाताने तोच रस्ता करून या. आत्या तीस वर्षं डोंबिवलीहून नोकरी करून निवृत्त झालेली, त्यामुळे ती प्लॅटफॉर्मवर अशी चालत होती जशी मी आमच्या वाड्यात चालते. इंडिकेटर कसा वाचायचा ते तिने शिकवलं. गाडीची वेळ, कुठे जाणार त्याची खूण, फास्ट की स्लो, आणि किती डब्यांची. मी पहिल्या तीन गोष्टी पाठ केल्या. चौथीकडे दुर्लक्ष केलं, त्याचं पुढे येतंच.

"बायकांचा डबा कुठे येतो ते खांबांवर बघ," ती म्हणाली. खांबांवर आणि छताखाली तिरक्या रंगीत पट्ट्यांच्या खुणा असतात. फर्स्ट क्लासचे पट्टे वेगळे, लेडीजचे वेगळे. तरी आत्याने पट्ट्यांपेक्षा खात्रीची खूण सांगितली : जिथे बायका घोळक्याने उभ्या दिसतील तिथे जाऊन उभी राहा.

सोमवारी, ७ तारखेला, पावणेआठला घरातून निघाले. पास काढायचा होता. आतेभावाने आदल्या रात्री मोबाईलवर रेल्वेच्या तिकिटांचं यूटीएस ॲप घालून दिलं होतं, आणि स्टेशनच्या आत रुळांजवळ तिकीट निघत नाही, बाहेर असतानाच काढ, हेही बजावलं होतं. मी शहाण्यासारखा रिक्षात बसल्या बसल्या डोंबिवली ते घाटकोपर महिन्याचा सेकंड क्लासचा पास काढला. सव्वादोनशे रुपयांच्या आत काम झालं. इतका स्वस्त कसा म्हणून दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहताना तारीख दिसली. पास लागू ८ जुलैपासून. ॲपवरचा पास दुसऱ्या दिवसापासून चालू होतो. म्हणजे पैसे भरूनही आज मी विनातिकीटच. मग परत रांग, परत रिटर्न तिकीट, आणि ठरवलेली गाडी गेली. तुम्ही पास काढणार असाल तर आदल्या दिवशी काढा. खिडकीवर जाऊन काढायचा तर फोटो आणि आधारची प्रत जवळ ठेवा, पासासोबत ओळखपत्राचा नंबर लागतो. सकाळची वेळ त्यासाठी अजिबात निवडू नका.

आणि मग गाडी आली. म्हणजे येऊन गेली. चार गाड्या अशाच गेल्या. प्रत्येक वेळी मी दोन पावलं पुढे टाकायची, आणि कुणाच्या तरी कोपराच्या मागे अडकून तिथेच राहायची. शेजारी साधारण माझ्या मावशीच्या वयाच्या एक बाई होत्या, त्यांनीही बहुधा माझ्यामुळेच एक गाडी सोडली. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच ना? बॅग पाठीवरची पुढे घे. ओढणी आत खोच. मोबाईल आत ठेव. आणि गाडी थांबायची वाट नको बघू, लोक उतरले की लगेच शिर." मी विचारलं, "आत कसं जाणार?" त्या म्हणाल्या, "तू नाही जात गं, मागच्या नेतात."

तसंच झालं. पाय आपोआप वर गेले. आत गेल्यावर एक हात वर अडकला तो ठाण्यापर्यंत खाली आला नाही. नाकासमोर कुणाचा तरी मोगऱ्याचा गजरा. त्याचं मात्र बरं वाटलं.

मला घाटकोपरला उतरून मेट्रो घ्यायची होती. घाटकोपर येईल तेव्हा उतरू, असा माझा एसटीचा हिशोब. "पुढील स्टेशन, घाटकोपर" ऐकल्यावर मी हलायला सुरुवात केली आणि कुर्ल्याला उतरले. लोकलमध्ये स्टेशन आल्यावर उतरायची तयारी करायची नसते. फास्ट गाडीने घाटकोपरला उतरायचं असेल तर ठाणे सुटलं की दाराकडे सरकायला लागायचं. सरकताना पुढच्या प्रत्येकीला विचारायचं, "घाटकोपर?" ती हो म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाली तर जागा बदलून पुढे व्हायचं. "मला घाटकोपरला उतरायचं आहे, जरा जाऊ देता का" इतकं लांब वाक्य संपेपर्यंत विक्रोळी मागे पडते. एकच शब्द, शेवटी प्रश्नचिन्ह. आणि फलाट कुठल्या बाजूला येणार हेही आधीच विचारून ठेवायचं, नाहीतर आपण मोठ्या कष्टाने चुकीच्या दाराशी जाऊन पोचतो. हेही मी एकदा केलेलं आहे.

कुर्ल्याहून स्लोने उलट घाटकोपरला आले, तेही नवीन तिकीट काढून, कारण माझं तिकीट घाटकोपरपर्यंतचंच होतं. ऑफिसला पन्नास मिनिटं उशीर. साहेबांनी कारण विचारलं. "कुर्ला," एवढंच म्हटलं. त्यांनी मान डोलावली. ते बदलापूरहून येतात.

मेट्रोबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, हीच तिची खासियत. घाटकोपरला लोकलच्या पुलावरूनच मेट्रोकडे वाट जाते. बॅग मशीनमधून जाते, तिकिटावरचा कोड दाखवला की फाटक उघडतं. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका, तिसऱ्या स्टेशनला आपण बाहेर. ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. आत्याने त्याआधी काही वर्षं याच बाजूला बसने नोकरी केली होती. ती अजूनही अंतर सांगताना 'सिग्नल' मोजते. मेट्रोचं भाडं १० ते ४० रुपयांपर्यंत आहे, मला एका बाजूचे २० पडतात. हिशोब केला तेव्हा गंमत वाटली. लोकलचे तीसेक किलोमीटर महिनाभर सव्वादोनशेच्या आत, आणि मेट्रोची ही तीन स्टेशनं महिन्याला आठ-नऊशे. मी कुरकुर केली तर आतेभाऊ म्हणाला, "ते पैसे श्वास घ्यायचे."

साकीनाक्याला उतरल्यावर ऑफिस पंधरा मिनिटं चालत. पाऊस असेल तर बस. बेस्टचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून १० रुपये झालंय, एसीचं १२. सुटे पैसे हातात ठेवावेत, कंडक्टर खूश होतो. रिक्षा मीटरने किमान २६ रुपये. पण पावसात साकीनाक्याच्या चौकात रिक्षात बसणं म्हणजे २६ रुपये देऊन एका जागी बसून राहणं. त्यापेक्षा चाललेलं बरं.

पहिल्या आठवड्यात रोज रात्री पाय सुजायचे. बुधवारी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, हेही लिहूनच ठेवते. आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगत होते. तिचा रोजचा एकच प्रश्न : "बसायला जागा मिळाली का?" मी रोज "मिळाली" म्हणायचे. डोंबिवलीला गाडी येते तेव्हा कल्याण आणि त्याच्या पलीकडच्या बायका आधीच बसून आलेल्या असतात, जागा मिळायचा प्रश्नच नसतो, हे तिला सांगून उपयोग नव्हता. एसटीत रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आम्ही.

दुसऱ्या आठवड्यात ती चौथी गोष्ट अंगाशी आली. बायकांच्या घोळक्यात रोजच्या जागी उभी होते, गाडी आली, आणि समोर जनरलचा डबा. सगळ्या बायका अचानक उजवीकडे पळत सुटल्या. इंडिकेटरवर १२ ऐवजी १५ होतं. पंधरा डब्यांच्या गाडीत लेडीज डब्याची जागा बदलते. रोजच्या बायकांना वेळेवरूनच माहीत असतं की अमुक गाडी पंधराची, त्या आधीच जाऊन उभ्या राहतात. मी तेव्हापासून गाडी वेळेने ओळखायला लागले. लोकलने जाणारा माणूस "साडेआठच्या सुमारास" म्हणत नाही, "आठ एकतीस" म्हणतो. मला वाटायचं ही मुंबईकरांची ऐट आहे. पण त्या मिनिटाला नुसती गाडी येत नाही. तिच्यात कोण बसलंय, कुठे उभं राहायचं, कोण कुठे उतरणार, हे सगळं त्या मिनिटाबरोबर येतं.

संध्याकाळचा नियम वेगळा. घाटकोपरहून परत येताना समोर येईल ती फास्ट पकडायची असं मी करत होते. एकदा कर्जत गाडीत चढले. डोंबिवलीला उतरायचं म्हणून दाराकडे सरकायला लागले तर एक बाई म्हणाल्या, "डोंबिवलीला एवढ्या गाड्या आहेत, आमच्याच गाडीत कशाला?" मला रागच आला. तिकीट माझंही होतं. मग घरी येऊन विचार केला की त्यांना अजून तासभर जायचंय, आणि त्यांची गाडी चुकली तर पुढची लगेच नाही. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, पण तेव्हापासून शक्यतो कल्याण किंवा डोंबिवली गाडीच बघते. उशीर झाला असेल तर मात्र कुठलीही. राग यायचा त्याला येऊ दे.

ऑगस्टमध्ये मला कुणीतरी रिटर्नची युक्ती सांगितली. सकाळी डोंबिवलीहून उलट कल्याणला जायचं, तिथून सुटणारी गाडी पकडायची आणि बसून यायचं. वेळ अर्धा तास जास्त, पण जागा मिळते. मी तीन दिवस केलं. तीन दिवस खिडकी! चौथ्या दिवशी कल्याणच्या पुलावर टीसी मॅडमनी हात आडवा केला. मी आत्मविश्वासाने मोबाईल पुढे केला. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाईलकडे पाहिलं. "डोंबिवली-घाटकोपर. मग तुम्ही कल्याणला काय करताय?"

खरं तर याला उत्तरच नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, बसायला जागा..." त्या हसल्या. चांगल्या हसल्या, आणि हसत हसतच पावतीपुस्तक काढलं. अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं. म्हणजे माझ्या महिन्याच्या पासापेक्षा जास्त. पावती देताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी पास कल्याणपासूनच काढा, फारसा फरक पडत नाही." खरंच फारसा पडला नाही. पासाच्या दोन स्टेशनांमध्ये कुठेही चढता-उतरता येतं, त्यामुळे लांबचा पास असलेला बरा. पण पासाच्या बाहेर एक स्टेशन गेलात तरी तुम्ही विनातिकीट. कुर्ल्याने हे शिकवलं होतं, मी मात्र फक्त एका दिशेने शिकले होते.

त्याच महिन्यात पाऊस. १८ ऑगस्टला सोमवारी घरी पोचायला साडेतीन तास लागले. गाडी हळूहळू चालत होती, पाणी दिसेल तिथे थांबत होती. डब्यातल्या एका काकूंनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला आणि तो हातोहात फिरला. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, सीएसएमटी ते ठाणे लोकल काही तास बंदच होत्या. मी तेव्हा घरी होते, कारण आत्याने सकाळी खिडकीतून आकाश बघून जाहीर केलं होतं : "आज नाही." ऑफिसमध्ये कळवलं, घरून काम केलं. पावसाळ्यात बॅगेत मी आता तीन गोष्टी ठेवते : सुका खाऊ, पाण्याची बाटली, आणि चार्ज केलेली पॉवर बँक. छत्री म्हणाल तर गर्दीत उघडता येत नाही आणि बंद केल्यावर शेजारणीच्या पायावर गळते. टोपीचा रेनकोट घ्या.

रविवारचं एक सांगायचं राहिलं. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही रूळ बंद. कधी फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवरून, कधी गाड्या कमी. शनिवारी बातमीत वेळा येतात, त्या बघूनच बाहेर पडायचं. सप्टेंबरमधल्या एका रविवारी आत्याला सिद्धिविनायकाला जायचं होतं. ती दादरला उतरून जायचं म्हणत होती, मी म्हटलं, "आज मी नेते." घाटकोपरहून मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून खाली भुयारी मेट्रो ३, आणि थेट सिद्धिविनायक स्टेशन. ही भुयारी मेट्रो आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आली. सरकत्या जिन्यावर आत्या घाबरली. तीस वर्षं धावती लोकल पकडलेली बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकेना, आणि मी तिचा हात धरून म्हणत होते, "बघू नको, टाक पाय." (ऑक्टोबरमध्ये ही मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, आणि वेगवेगळ्या मेट्रो, लोकल, बस यांची तिकिटं एकत्र काढायला 'मुंबई वन' नावाचं ॲपही आलं. मी अजून लोकलच्या पासासाठी ते वापरलेलं नाही.)

सप्टेंबरअखेर माझी आठ एकतीसच्या डब्यात ओळख झाली होती. पहिल्या दिवशी बॅग पुढे घ्यायला सांगणाऱ्या त्या बाई याच गाडीच्या. भायखळ्याला उतरतात, एका बँकेत आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबरला, डबा सजवायचा होता. वर्गणी पन्नास रुपये. मला झेंडूची तोरणं दांड्यांना बांधायचं काम मिळालं, कारण मी उंच आहे. चालत्या गाडीत, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने आणि दातांनी गाठ मारायची. ठाण्यापर्यंत चार तोरणं झाली. दाराजवळ देवीचा फोटो, हळदकुंकू, हातात साखरफुटाणे, आणि कोपऱ्यात एक जण तशाच गर्दीत झोपलेली.

त्यानंतर मी तीन महिन्यांचा पास काढला. तीन महिन्यांचे पैसे भरायचे नसतात, २.७ पट पडतात. सहा महिन्यांना ५.४ पट. नोकरी टिकते का ते बघून हळूहळू लांबचा घ्यावा.

त्याच आठवड्यात एका सकाळी मुलुंडच्या आसपास भायखळ्याच्या बाईंनी मला खुणेने बोलावलं आणि तीन जणींना आत सरकवून बाकाच्या टोकाला बसवलं. चौथी सीट. अर्धं अंग बाकावर, अर्धं हवेत, पाय वाटेत ताठ रोवलेले, आणि घाटकोपरला उतरायचं म्हणून तीन मिनिटांत परत उठायचं. संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "बसायला जागा मिळाली का?"

"मिळाली," मी म्हटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच पासात बसणारं, दंड नसलेलं खरं उत्तर.

"खिडकीची?"